सर सी. व्ही. रामन
इयत्ता चौथी

सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तामिळनाडूतील तिरुचिरापल्ली येथे झाला. त्यांच्या आईचे नाव पार्वती. वडील कॉलेजात शिकवत. रामन अकराव्या वर्षीच मॅट्रिक पास झाले. मी दहा वर्षांचा आहे आणि चौथीत आहे, म्हणजे बघा!

१९०७ साली ते एम. ए. झाले आणि कलकत्त्याला सरकारी हिशेबाच्या खात्यात साहेब झाले. पण त्यांचे मन प्रयोगात होते. ऑफिसच्या आधी पहाटे आणि ऑफिस सुटल्यावर रात्री ते बहूबाजार रस्त्यावरच्या विज्ञान संस्थेत काम करीत. मधे त्यांची बदली रंगूनला आणि आपल्या नागपूरलाही झाली होती. १९१७ साली त्यांनी ती नोकरी सोडली आणि कमी पगारावर प्रोफेसर झाले. आमच्या गल्लीत कुणी असं केलं तर त्याला लोक येड्यातच काढतील. तबला आणि मृदंग यांचा आवाज गोड का लागतो याचाही त्यांनी अभ्यास केला.

१९२१ साली ते विलायतेला गेले होते. बोटीतून परत येताना त्यांना समुद्र फार निळा दिसला. आभाळाची सावली पडते म्हणून समुद्र निळा दिसतो, असे तेव्हा मोठमोठे शास्त्रज्ञ मानत. रामन यांना ते पटले नाही. पाणी स्वतःच उजेड विखुरते, असे त्यांनी दाखवले. मग ते पुढे सात वर्षे उजेडाच्याच मागे लागले. सामान साधेच होते. सुरुवातीला दिवा म्हणून सूर्यच होता, आणि रंगीत काचा. के. एस. कृष्णन त्यांच्या मदतीला होते. एका रंगाचा उजेड पदार्थावर पाडला की त्यातला अगदी थोडा उजेड रंग बदलून बाहेर येतो, हे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांना स्पष्ट दिसले. म्हणून त्या दिवशी आपल्या शाळेत विज्ञान दिन असतो. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक आणि १९५४ साली भारतरत्न मिळाले. त्यांनी बंगलोरला स्वतःची संस्था काढली. २१ नोव्हेंबर १९७० रोजी ते वारले. संस्थेच्या बागेतच त्यांना अग्नी दिला. तिथे आता एक झाड आहे.

या शोधाचा उपयोग गुरुजींनी सांगितला तो मला सगळ्यात आवडला. केसासारखा बारीक काचेचा धागा असतो. त्याच्या एका टोकातून उजेड सोडतात. त्यातला थोडा उजेड मागे फिरतो, आणि त्यातल्या अगदी थोड्याचा रंग बदललेला असतो. धागा जिथे तापला असेल तिथून बदललेला एक रंग जास्त येतो. उजेडाला परत यायला किती वेळ लागला त्यावरून जागा कळते. बोगद्यात आग लागली तर अशा धाग्याने लवकर समजते. धाग्यात वीज नसते, म्हणून ठिणगी पडत नाही.

आपल्या तेरखेड्यात फटाक्यांचे कारखाने आहेत. माझी आई तिथे वाती लावायला जाते. उन्हाळ्यात दारू तापते, आणि ती घरी येईपर्यंत आजी दारातच बसून असते. मी आईला धाग्याचं सांगितलं. तो केवढ्याला मिळतो, असं तिनं लगेच विचारलं. धागा स्वस्त आहे, पण त्याला जोडायचं यंत्र लई महाग आहे, असं मी सांगितलं.