डॉ. लुडविग गुटमान

खेळ हा धडधाकट मनुष्याचा विरंगुळा होय, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु ज्यांना पुन्हां कधींहि उभें राहतां येणार नव्हतें, अशा जखमी शिपायांना खेळाच्या बळावर जगण्यास शिकविणारे एक थोर धन्वंतरि होऊन गेले.

लुडविग गुटमान यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजीं, त्या वेळीं जर्मनींत असलेल्या तोस्त या गांवीं, एका यहुदी कुटुंबांत झाला. १९१७ सालीं एका इस्पितळांत सेवा करीत असतां पाठीचा कणा मोडलेला एक खाणकामगार त्यांच्या दृष्टीस पडला. डॉक्टरांनीं त्याची आशा सोडली होती. कांहीं आठवड्यांतच तो मरण पावला. हा प्रसंग त्यांच्या मनावर कायमचा कोरला गेला. पुढें ते मज्जासंस्थेच्या रोगांचे नामांकित डॉक्टर झाले. परंतु हिटलरच्या राजवटींत यहुद्यांचा छळ सुरू झाल्यामुळें १९३९ सालीं त्यांना सहकुटुंब इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला.

१ फेब्रुवारी १९४४ रोजीं स्टोक मँडेव्हिल येथें कणा दुखावलेल्या सैनिकांसाठीं विभाग उघडला, व तो त्यांच्या हातीं देण्यांत आला. अशा रोग्यांचा अंत बहुधा अंथरुणांतील क्षतांनीं व मूत्रमार्गाच्या दोषानें होत असे. गुटमान यांनीं रात्रंदिवस दर दोन तासांनीं प्रत्येकाची कूस बदलविली. देह वांचला, पण मन खचलेलेंच होतें. म्हणून त्यांनीं रोग्यांना चाकांच्या खुर्चीवर बसवून खेळास लाविलें. धनुर्विद्येनें दंड व खांदे बळकट होत, बसतांना तोल सांवरे, आणि गेलेला आत्मविश्वास परत येई.

२९ जुलै १९४८ रोजीं, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशीं, त्यांनीं १६ रुग्णांची तिरंदाजीची स्पर्धा भरविली. १९६० सालीं रोम येथें हाच मेळा २३ देशांच्या सुमारें ४०० खेळाडूंनीं गजबजला. १९७२ सालीं हायडेलबर्ग येथील स्पर्धेंत सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर, ज्यांना १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागल्या होत्या, त्यांनीं पोहण्यांत भारतास सुवर्णपदक मिळवून दिलें. गुटमान यांनीं लाविलेल्या रोपट्याचें फळ याप्रमाणें महाराष्ट्राच्याहि पदरीं पडलें.

१८ मार्च १९८० रोजीं त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रांनो, मैदानाच्या कडेला बसून आपले खेळ नुसते पाहणारा एखादा अपंग सोबती आपल्या वर्गांतहि असेल. त्याची कींव करूं नका. त्याला खेळांत घ्या. या चरित्रापासून घेण्याचा बोध तो हाच.