लग्नाची गाणी रचणारी विधवा : महदाइसा

दौलताबादचा किल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. शाळेच्या सहलीत, नाही तर वेरूळला जाता-जाता. चाँद मिनार, मेंढा तोफ, खंदक आणि ती वटवाघळांची अंधारी एवढे पाहून आपण खाली उतरतो आणि पेरू घेऊन घरी येतो. महंमद तुघलकाने १३२७ साली आपली राजधानी येथे आणली व या जागेला दौलताबाद हे नाव मिळाले. त्याआधी हीच देवगिरी होती, यादव राजांची राजधानी. त्या यादवांच्या राज्यात, साधारण साडेसातशे वर्षांपूर्वी, एक विधवा बाई होऊन गेली. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून अभ्यासक तिचे नाव घेतात. या रविवारी आम्ही तिच्याविषयी लिहीत आहोत.

तिचे मूळ नाव रूपाई. पुढे ती महदाइसा किंवा महदंबा या नावाने ओळखली गेली. ब्राह्मण घरात जन्म, लहानपणी लग्न आणि लहानपणीच वैधव्य. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य तेथेच संपल्यासारखे असे. नवरा नाही, मूलबाळ नाही, शुभकार्यात स्थान नाही. बाई म्हणजे कुणाची तरी बायको आणि कुणाची तरी आई, असा हिशेब. आणि त्या हिशेबात ही कोठेच बसत नव्हती.

तिचा ओढा देवधर्माकडे होता. दादोस या नावाच्या एका गुरूकडे ती जात असे, आणि त्यांच्यामुळेच तिला महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी भेटले. स्वामींच्या भोवती स्त्रिया पुष्कळ होत्या. बाइसा होत्या, आबाइसा होत्या, आबाइसांची मुलगी उमाइसा होती. यांतल्या कित्येक घरादाराला पारख्या झालेल्या होत्या. पुरुषाइतकाच स्त्रीलाही मोक्षाचा अधिकार आहे, असे स्वामी मानीत. मासिक विटाळाबद्दल बायांशी बोलताना नाक, डोळे यांतून जसे पाणी येते तसाच हाही देहाचा एक धर्म, असे त्यांनी समजावल्याची आठवण लीळाचरित्रात आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली आणि गर्दीत येशूच्या वस्त्राला हळूच शिवणारी ती बाई आपल्याला शुभवर्तमानातून माहीत आहे. तिला प्रभूने दूर सारले नाही. म्हणून स्वामींची ही आठवण आपल्याला परकी वाटू नये.

त्याच सुमारास देवगिरीच्या दरबारात हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, व्रते, दाने आणि प्रायश्चित्ते यांचा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध करीत होता. कोणत्या तिथीला कोणी काय करावे आणि काय करू नये, याची त्यात मोजदाद आहे. राजधानीचा धर्म तो होता. महदाइसेचा धर्म पैठणच्या देवळाच्या ओसरीवर बसून प्रश्न विचारण्याचा होता.

आणि ती प्रश्न विचारी! म्हाइंभटांनी गोळा केलेल्या लीळाचरित्रात तिचे नाव पुन:पुन्हा येते, ते बहुधा काहीतरी विचारतानाच. ऐकलेले पटले नाही तर ती पुन्हा विचारी. गुरूसमोर बाईने मान खाली घालून बसावे ही रीत तिने पाळलेली दिसत नाही, आणि स्वामींनीही तिला कधी गप्प केलेले दिसत नाही. आम्हांला तर तिच्या कवितेपेक्षाही तिची ही चिकाटी मोठी वाटते.

स्वामी निघून गेल्यावर शिष्यमंडळी रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंकडे गेली. हे गाव अमरावती जिल्ह्यात आहे. मराठी भाषा विद्यापीठ आज याच गावात आहे. गोविंदप्रभू लहरी सत्पुरुष. एकदा त्यांनी आपले लग्न लावावे असा हट्ट धरला. भक्तांनी तोही खेळ हौसेने मांडला. लग्न म्हटले की गाणी हवीत. नवऱ्या मुलासाठी गातात त्या गाण्यांना धवळे म्हणत. ते म्हणायला प्रभूंनी पुढे केले महदाइसेला.

येथे थोडे थांबावेसे वाटते. विधवेची सावली लग्नघरावर पडू नये, अशी समजूत ज्या समाजात होती, त्या समाजातली ही विधवा मांडवात उभी राहून लग्नाची गाणी रचते आणि गाते. तिने विषय घेतला रुक्मिणी स्वयंवराचा. भावाने ठरवलेला नवरा नाकारून, आपल्या मनातल्या वराला स्वत: निरोप धाडणारी ती मुलगी. पूर्वार्ध त्या प्रसंगी झाला, उत्तरार्ध पुढे. मिळून दीडशेच्या आसपास धवळे आहेत. भाषा साधी, बायकांच्या तोंडची. ज्या संसाराचे सुख तिला मिळाले नाही त्याबद्दल तिच्या गाण्यांत हेवा नाही, कडवटपणाही नाही. आपण बाई आहोत याची लाज तर कोठेच नाही.

आपल्या घरांकडेही पाहावे लागेल. ख्रिस्ती लग्नातही हळद असते. ती लावायला पाच सुवासिनींना हाक मारली जाते, आणि एखादी विधवा मावशी स्वयंपाकघरातच काम काढून बसते. तिला कोणी जा म्हटलेले नसते; तिला ते आपोआप कळते. चर्चमध्ये असा भेद नाही, मांडवात मात्र तो येतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर गावांनाही तसे आवाहन केले. आपल्या धर्मग्रामात त्यासाठी ठरावाची गरज पडू नये.

महदाइसा पुढे पंथाचे आचार्य नागदेव यांच्या मंडळात राहिली. ते तिचे चुलतभाऊच. तिच्या धर्मचर्चेचे त्यांना मोठे कौतुक होते. केशिराजांसारखे संस्कृत जाणणारे शिष्य संस्कृतात बोलू-लिहू लागले, तेव्हा नागदेवांनी त्यांना अडवले: संस्कृत आणले तर आपल्या म्हाताऱ्या बायांचे नुकसान होईल. त्या बायांसाठी पंथाची भाषा मराठी राहिली. पुढे तीनशे वर्षांनी फादर थॉमस स्टीफन्स यांनी लॅटिन बाजूला ठेवून ख्रिस्तपुराण मराठीत लिहिले, १६१६ साली ते छापले गेले, तेही साध्या माणसांना कळावे म्हणूनच.

१२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि पुढे यादवांचे राज्य बुडाले. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून मठांत जपले. त्या लिपीचा उलगडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी केला, आणि त्यानंतर पंथाबाहेरच्या मराठी माणसाला महदाइसेचे धवळे वाचता येऊ लागले.