रॉकेटवाले साराभाई सगळ्यांना माहिती आहेत, पण शाळकरी पोरांसाठी प्रयोगशाळा उघडणारे साराभाई?

विक्रम साराभाई म्हटलं की डोळ्यासमोर येतं रॉकेट, उपग्रह आणि इस्रो. पण याच माणसाने हायस्कूलच्या पोरांसाठीही एक जागा उभी केली होती. असं का केलं, हे समजून घ्यायचं तर त्यांच्या लहानपणात डोकवावं लागतं.

१२ ऑगस्ट १९१९ ला अहमदाबादमध्ये विक्रम यांचा जन्म झाला. वडील अंबालाल म्हणजे कॅलिको मिलचे मालक. घरात आठ भावंडं. तेव्हाच्या शाळांची पद्धत अंबालाल आणि सरलादेवींना पटत नव्हती, म्हणून त्यांनी शाहीबागेतल्या आपल्या बंगल्यातच मुलांसाठी शाळा काढली. भाषा, विज्ञान, कला सगळं तिथेच. विक्रमला तर स्वतःचं वर्कशॉप मिळालं. पंधराव्या वर्षी त्याने दोन इंजिनिअरांच्या मदतीने रेल्वे इंजिनाचं चालतं मॉडेल बनवलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा पैसा असेल तर कुणालाही जमेल. मुद्दा अगदी बरोबर आहे, आणि पुढची गोष्ट याच मुद्द्याची आहे.

केंब्रिजमध्ये शिकून झाल्यावर महायुद्धामुळे ते भारतात परतले आणि बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली कॉस्मिक किरणांवर काम करू लागले. हे किरण अवकाशातून येतात, वातावरणातून जमिनीपर्यंत पोचतात. त्यामुळे भौतिकशास्त्र, हवामान, गणित आणि यंत्रं बनवण्याचं कसब हे सगळं सोबत लागतं. एका विषयाच्या चौकटीत हा अभ्यास मावतच नाही.

१९४७ ला त्यांनी अहमदाबादमध्ये फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी सुरू केली. संचालक म्हणून आणले के. आर. रामनाथन, जे हवामानशास्त्रातले मोठे नाव. त्याच वर्षी कापड गिरण्यांसाठी संशोधन करणारी अटिरा उभी राहिली. १९६१ ला आयआयएम अहमदाबादच्या स्थापनेतही ते पुढे होते. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळमधल्या थुंबा या मच्छीमारांच्या गावातून पहिलं रॉकेट उडालं. तिथलं चर्च हेच शास्त्रज्ञांचं ऑफिस होतं.

या सगळ्या धावपळीत १९६६ ला त्यांनी अहमदाबादमध्ये कम्युनिटी सायन्स सेंटर सुरू केलं. त्याच वर्षी होमी भाभांच्या अपघाती मृत्यूनंतर अणुऊर्जा आयोगाची जबाबदारीही त्यांच्यावर आली होती, तरीही.

विचार साधा होता. विज्ञान पाठ करायचं नसतं, हाताने करून बघायचं असतं. आणि शाळेच्या वेळापत्रकात विषय वेगळे असले, तरी खरा प्रश्न तसा येत नाही. समजा, गावच्या तळ्याचं पाणी का हिरवं झालं हे शोधायचंय. शेवाळ ओळखायला जीवशास्त्र, पाणी तपासायला रसायनशास्त्र, पाणी कुठून वाहून येतं ते बघायला भूगोल आणि नोंदी मांडायला गणित लागणारच. अशा कामासाठी मुलांना साहित्य, जागा आणि चुका करायची मोकळीक लागते. जे बंगल्यातल्या एका मुलाला मिळालं होतं, ते आता सामान्य घरातल्या पोरांना मिळणार होतं.

१९६८ ला रामन स्वतः या केंद्राच्या कार्यक्रमाला आले आणि आकाश निळं का दिसतं यावर बोलले. प्रश्न लहान मुलाचा, उत्तर शोधणारे नोबेलविजेते शास्त्रज्ञ.

३० डिसेंबर १९७१ ला कोवलम इथे साराभाईंचं अचानक निधन झालं. वय फक्त ५२. भारताचा पहिला उपग्रह आर्यभट्ट १९७५ ला अवकाशात गेला, तो त्यांना बघता आला नाही. त्या सायन्स सेंटरला पुढे त्यांचंच नाव देण्यात आलं.

आणि पंधराव्या वर्षी बनवलेलं ते रेल्वे इंजिन? ते याच केंद्रात ठेवण्यात आलं, शाळकरी पोरांना बघायला.