जॉन ब्राउनिंग : दुसऱ्याच्या नावाने गाजलेल्या रायफलींचा कर्ता

अमेरिकेच्या रानात हरणाच्या शिकारीसाठी जुन्या घडणीची लिव्हर-ॲक्शन रायफल निवडू पाहणाऱ्या माणसापुढे आजही चार नमुने हमखास येतात : १८८६, १८९२, १८९४ आणि १८९५. ही त्या त्या रायफलीच्या जन्माची वर्षे. चारहींवर ‘विंचेस्टर’ हे कंपनीचे नाव कोरलेले असते. या चारही रायफली ज्या एका माणसाच्या बुद्धीतून निघाल्या, त्या जॉन मोझेस ब्राउनिंग यांचे नाव मात्र त्यांच्या मूळ प्रतींवर शोधूनही सापडत नाही.

आपल्याकडे संस्थानी शिकारखान्यांत इंग्रजी बनावटीच्या दुनळी रायफलींचा मान मोठा होता, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे ते पर्वच संपले. त्यामुळे लिव्हर रायफल मराठी वाचकाला ठाऊक आहे ती मुख्यतः घोडेस्वारांच्या अमेरिकी चित्रपटांतून. चापाभोवतीची पोलादी कडी हीच लिव्हर. ती खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते. वर आणली की कोठीतील नवे काडतूस नळीत चढते आणि घोडाही ताणलेला राहतो. दस्ता खांद्यावरून न काढता दुसरी गोळी झाडता येते. झाडीतून निसटणाऱ्या हरणामागे असलेल्या शिकाऱ्याला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

ब्राउनिंग यांचा जन्म १८५५ च्या जानेवारीत युटा प्रांतातील ऑग्डन या वसाहतीत झाला. वडील जोनाथन हे बंदुका घडविणारे कारागीर. मॉर्मन पंथाचे अनुयायी म्हणून इलिनॉयमधील नॉव्हू सोडून ते १८५२ मध्ये पश्चिमेकडे आले होते. तीन पत्नी, बावीस अपत्ये असा त्यांचा प्रपंच. जॉनचे शिक्षण गावच्या शाळेत जेमतेम पंधराव्या वर्षापर्यंत झाले; खरी शाळा वडिलांच्या दुकानातच भरत होती. परिसरातील शेतकरी, फासेपारधी आणि वाटसरू यांच्या मोडक्या बंदुका तेथे दुरुस्तीला येत. कोणती बंदूक कोठे आणि का मोडते, याचे असे शिक्षण एखाद्या कारखान्यात मिळाले असते असे वाटत नाही.

१८७९ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात फार मोठे ठरले. त्या वर्षी वडील वारले, रेचल चाइल्ड यांच्याशी विवाह झाला आणि ऑक्टोबरात एकबारी रायफलीचे पहिले पेटंट हाती आले. भावांना सोबत घेऊन त्यांनी ऑग्डनमध्येच ती रायफल बनवून विकण्यास आरंभ केला. १८८३ मध्ये तिची एक वापरलेली प्रत विंचेस्टरच्या एका विक्रेत्याच्या नजरेस पडली आणि पूर्वेकडील न्यू हेवन येथील कारखान्यात पोहोचली. ती पाहून कंपनीचे टी. जी. बेनेट स्वतः ऑग्डनला आले आणि आठ हजार डॉलरांत तिचे सर्व हक्क घेऊन परतले. ब्राउनिंग बंधूंच्या दृष्टीने ही रक्कम डोळे दिपविणारी होती. एकरकमी पैसे आणि त्यानंतर रचनेशी संबंध संपला, ही रीत येथे पडली ती पुढे जवळजवळ वीस वर्षे चालली.

विंचेस्टरला या माणसाची गरज का भासली, हे समजण्यासाठी तिच्या आधीच्या रायफली पाहाव्या लागतात. १८७३ आणि १८७६ च्या नमुन्यांत काडतुसाला मागून रोखणारा बोल्ट गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या सांध्यावर टेकलेला असे. पिस्तुली ताकदीच्या काडतुसांना तो पुरे. पण अमेरिकी सैन्याचे ४५-७० हे लांब आणि जोरकस काडतूस १८७६ च्या चौकटीत मावतच नव्हते. ब्राउनिंग यांनी सांधा काढून टाकला. त्याजागी दोन उभ्या पोलादी पट्ट्या आल्या; लिव्हर मिटताच त्या वर सरकत आणि बोल्ट व चौकट एकमेकांत जखडून टाकत. हीच १८८६ ची रायफल. एल्क, मूस किंवा मोठे अस्वल यांच्यासाठी ज्याला वजनदार गोळी हवी, तो आजही तिच्याकडे वळतो. दिवसभर खांद्यावर वाहण्याचा भार मात्र सोसावा लागतो.

१८८७ ते १८८९ ही वर्षे त्यांनी पंथाच्या प्रचारकार्यासाठी जॉर्जिया राज्यात घालविली. परतल्यावर कामाचा वेग थक्क करणारा होता. १८९२ ची रायफल म्हणजे १८८६ चीच सडपातळ, आखूड काडतुसांची आवृत्ती. (तिच्या जन्माच्या वीस वर्षे आधी घडणाऱ्या चित्रपटकथांतही नायकाच्या हाती ती सर्रास दिसते, पडद्यावर कालगणनेची पर्वा कोणी केली नाही.) १८९४ ची रायफल त्यांच्या सर्व कामांत भाग्यवान ठरली. १८९५ मध्ये तिच्यासाठी धूरविरहित दारूचे ३०-३० काडतूस आले. वजन तीन किलोच्या आसपास, अंग सपाट, पकड समतोल. दीडशे यार्डांच्या आतील हरणासाठी याहून सोयीची रायफल क्वचितच असेल. तिचे दोषही रचनेतच आहेत. मूळ घडणीत रिकामे काडतूस वरून उडत असल्याने दुर्बीण नीट बसविता येत नाही. मार्लिन कंपनीच्या रायफलीतून ते बाजूने पडते, म्हणून दुर्बीण हवी असलेला शिकारी तिकडे जातो. शिवाय नळीखालच्या कोठीत काडतुसे एकामागे एक निजतात, म्हणून टोकदार गोळी चालत नाही : तिचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावरील टोपीला धक्का देऊन स्फोट घडवू शकते.

ही अडचण ब्राउनिंग यांनी स्वतःच १८९५ च्या नमुन्यात दूर केली. काडतुसे चौकटीखालच्या पेटीत एकावर एक ठेवली की टोकदार गोळीचा धोका उरत नाही. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ मध्ये आफ्रिकेच्या शिकारीत याच नमुन्याची ४०५ काडतुसाची रायफल नेली होती. पहिल्या महायुद्धात रशियाने अशा सुमारे तीन लाख रायफली मागविल्या.

या काळात विंचेस्टरने त्यांच्या चाळीसहून अधिक रचना विकत घेतल्या आणि बनविल्या जेमतेम दहा. उरलेल्या कपाटात पडून राहिल्या, कारण त्या प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडू नयेत एवढाच हेतू होता. कंपनीच्या हिशेबाने हा व्यवहार शहाणपणाचा असेल; ज्याच्या हातून त्या वस्तू घडल्या, त्याला काय वाटले असेल याचा विचार त्यात नव्हता. १९०२ मध्ये आपोआप भरणाऱ्या छर्ऱ्याच्या बंदुकीची रचना घेऊन ब्राउनिंग बेनेट यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच प्रत्येक नगामागे हिस्सा मागितला. नकार मिळाला. ते रेमिंग्टन कंपनीकडे वळले, तर भेटीच्या दिवशीच तिचे प्रमुख मार्सेलस हार्टली निधन पावले. मग त्यांनी बेल्जियम गाठले. लिएजजवळच्या हेर्स्टाल येथील एफएन कारखाना त्यांची पिस्तुले आधीपासूनच बनवीत होता. तेथे हिस्सा मिळाला आणि नावही मिळाले. फ्रेंच भाषेत ‘ब्राउनिंग’ हा शब्द पिस्तुलाचे सामान्यनाम होऊन बसला.

पुढचा भाग शिकारीचा नाही. १९१४ मध्ये सारायेव्होत आर्चड्यूक फर्डिनंड यांच्यावर झाडलेल्या गोळ्या त्यांनी रचलेल्या पिस्तुलातून सुटल्या, आणि त्यातून भडकलेल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने त्यांच्याच मशीनगन वापरल्या. ऑग्डनच्या दुरुस्तीच्या दुकानातून निघालेली वाट येथवर आली, हे त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी हेर्स्टालच्या त्याच कारखान्यात, एका नव्या दुनळी बंदुकीचे काम चालू असताना, हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. ते काम पुत्र वॅल यांनी तडीस नेले. नावावर १२८ पेटंटे जमा झाली होती. दफन ऑग्डनलाच झाले. दुसऱ्या वर्षी १८९४ नमुन्याची दहा लाखावी रायफल राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट देण्यात आली. पुढे हा आकडा सत्तर लाखांच्या वर गेला. न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद पडला. त्या चारही रायफली आज जपानमधील मिरोकू कारखान्यात घडतात. त्यांच्यावर नाव अजून विंचेस्टरचेच असते. ते नाव परवान्याने वापरून त्या विकणारी कंपनी मात्र ‘ब्राउनिंग’ आहे, आणि तिची मालकी हेर्स्टालच्या एफएन समूहाकडे आहे.