गोपाळरावांचा राग

गोपाळराव विनायक जोशी हे नाव आपल्याला आनंदीबाईंमुळे माहीत असतं. बायकोला शिकवून अमेरिकेला पाठवणारा नवरा म्हणून त्यांचं कौतुक होतं आणि ते खरंही आहे. पण मित्रांनो, मला त्यांची दुसरी बाजूही सांगावीशी वाटते.

गोपाळराव पोस्टात कारकून होते, बिजवर होते. 1874 मध्ये लग्न झालं तेव्हा आनंदीबाई अवघ्या 9 वर्षांच्या आणि ते वीसेक वर्षांनी मोठे. बायकोने शिकावं हा त्यांचा ध्यास. त्यासाठी त्यांनी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, गावोगाव बदल्या सोसल्या. पण अभ्यास झाला नाही की हात उचलायचे. लाकडाने मारणं, खुर्ची-पुस्तकं फेकणं, सोडून जाईन म्हणून धमकावणं हे सगळं आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून त्यांनाच पत्रात लिहून कळवलं. तुमचं वागणं चांगलं की वाईट हे ठरवणं अवघड आहे, असा त्या पत्राचा सूर आहे.

1883 मध्ये त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. गोपाळराव इथे एकटे राहिले आणि त्यांची पत्रं टोचरी, संशयी होऊ लागली. जिला आपण घडवलं ती आपल्या पुढे जातेय, हे त्यांना पेललं नसावं असं मला वाटतं. मनातलं बोलायला जवळ कोणी नसेल, तर भीतीचा राग होतो आणि तो घरच्या माणसावर निघतो.

11 मार्च 1886 ला आनंदीबाई डॉक्टर झाल्या. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात क्षयाने गेल्या, वय 21. मारलं म्हणून त्या शिकल्या, असं अजूनही काहीजण म्हणतात. मला हे पटत नाही. त्या शिकल्या स्वतःच्या जिद्दीवर. मार नुसताच सोसला.

आपल्या रत्नागिरीत ब्रिटिशांच्या काळापासून मनोरुग्णालय आहे. पण होस्टेलवर आपण त्याचं नाव फक्त एकमेकांची टिंगल करायला घेतो. गर्लफ्रेंडचा मोबाइल तपासणाऱ्याला, तिच्यावर हात टाकणाऱ्याला मात्र 'जाम प्रेम करतो रे' म्हणून सोडून देतो. प्रेम असलं तरी मारणं माफ होत नाही. मन बिघडलेलं असलं तरी नाही. पण हात उचलायच्या आधी मदत मागता येते. 14416 हा सरकारचा टेलिमानस नंबर फुकट आहे, रात्रीही चालतो. गोपाळरावांच्या काळी असं काही नव्हतं. आपल्याकडे आहे.