छात्रालयातील मानसशास्त्र

गरजा अमर्याद असतात आणि त्या भागविण्याची साधने मर्यादित असतात, या सूत्राने आम्ही अर्थशास्त्राचे अध्यापक दरवर्षी वर्गाला आरंभ करतो. अन्न, वस्त्र, निवारा ही यादी फळ्यावर लिहून झाली की पुढे मागणी आणि किंमत यांचे राज्य सुरू होते. पण माणसाला आणखी काही गरजा असतात, त्यांना बाजारभाव नसतो आणि म्हणून त्या आमच्या आलेखात येत नाहीत. अब्राहम मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1943 मध्ये या गरजांची उतरंड मांडली. पोटाची भूक आणि सुरक्षितता यांच्यावर त्याने आपुलकी, प्रतिष्ठा आणि शेवटी आत्मवास्तविकीकरण, म्हणजे आपल्या ठायी जे बीजरूपाने आहे ते फुलविण्याची ओढ, या गरजा ठेवल्या. कार्ल रॉजर्सने तोच विचार उपचाराच्या आणि शिक्षणाच्या क्षेत्रात नेला. मनुष्य हा केवळ दबलेल्या वासनांचा खेळ नव्हे आणि बक्षीस व शिक्षा यांनी चालणारे यंत्रही नव्हे, असे म्हणणारी ही विचारसरणी मानवतावादी मानसशास्त्र या नावाने ओळखली जाते.

हा विचार परदेशातून आला म्हणून तो आपल्याला परका आहे असे मानण्याचे कारण नाही. आमच्या नरडाण्याहून भुसावळच्या बाजूला निघालेली गाडी थोड्याच वेळात अमळनेरला पोहोचते. तेथे त्याच्या आधीच एक शिक्षक हे सारे आचरून गेला होता. त्याचे नाव पांडुरंग सदाशिव साने.

साने गुरुजींचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी कोकणात, दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे, पण वैभव ओसरलेले. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे असे फिरताना हाताने स्वयंपाक करून आणि प्रसंगी अर्धपोटी राहून या मुलाने दिवस काढले. 1917 मध्ये आई गेली. पुढे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. प्रतापशेठजींच्या औदार्याने उभ्या राहिलेल्या त्या संस्थेतील ग्रंथांपेक्षा त्यांना मुलांचा सहवास अधिक ओढून घेणारा ठरला. 1924 मध्ये ते तेथील शाळेत, म्हणजे पुढच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

त्या छात्रालयात जे घडले ते खानदेशातील जुन्या पिढीने पुढच्या पिढीला वारंवार सांगितले आहे. खोली अस्ताव्यस्त दिसली तर गुरुजी रागे भरत नसत. मुले शाळेत गेली की ते स्वतः केर काढीत, अंथरुणे आवरीत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवीत, मळके कपडे धुऊन वाळत घालीत. कोणी आजारी पडला तर उशाशी रात्र काढीत. परतलेल्या मुलांना प्रथम नवल वाटे, मग शरम वाटे आणि काही दिवसांनी ती कामे मुले आपण होऊन करू लागत. मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ रोज स्वतःच्या हाताने लिहून काढीत. 1928 मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. योगायोग असा की, त्याच वर्षी रॉजर्स न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे अडचणीत सापडलेल्या मुलांमध्ये काम करू लागला होता. दोघांची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता.

रॉजर्सने पुढे, 1957 मध्ये, माणसात बदल घडण्यासाठी मदत करणाऱ्याच्या अंगी तीन गोष्टी असाव्या लागतात असे प्रतिपादन केले. त्या म्हणजे वागण्यातील सच्चेपणा, समोरच्याच्या जागी उभे राहून त्याचे मन जाणण्याची समानुभूती आणि कोणतीही अट न घालता त्याचा स्वीकार. या तीनही कसोट्या छात्रालयातील त्या शिक्षकाला लावून पाहाव्यात. अशा प्रेमाने मुले लाडावतात, हा आक्षेप जुनाच आहे. परंतु विनाअट स्वीकार म्हणजे चुकीला मान्यता नव्हे. अस्ताव्यस्त खोली चांगली आहे असे गुरुजींनी कधी भासविले नाही. खोली वाईट असली तरी मुलगा वाईट ठरत नाही, एवढेच त्यांनी कृतीने दाखविले. शिक्षेने शिस्त लवकर येते हे खरे, पण शिक्षा करणारा दृष्टिआड झाला की तीही जाते.

1930 मध्ये नोकरीचा राजीनामा देऊन गुरुजी सविनय कायदेभंगात उतरले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचने त्यांनी लिहून घेतली, म्हणून ती आज आपल्यापर्यंत आली. नाशिकच्या तुरुंगात 1933 मध्ये त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. 1936 च्या फैजपूर काँग्रेससाठी ते पूर्व खानदेशच्या खेड्याखेड्यांतून हिंडले आणि पुढे शेतकऱ्यांच्या व गिरणी कामगारांच्या लढ्यांतही उभे राहिले.

येथे ते मानसशास्त्राच्या पुस्तकाच्याही पुढे गेलेले दिसतात. रॉजर्सचा स्वीकार मुख्यतः दोन व्यक्तींमधला आहे. ज्या समाजात माणसाला जन्मावरून देवाच्या दारातच अडविले जाते, तेथे एकट्या समुपदेशकाचा स्वीकार कितपत पुरा पडणार? पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे 1947 मध्ये प्राणांतिक उपोषण आरंभिले. दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचा मार्ग मोकळा झाला. छात्रालयातील आपुलकी अशा रीतीने सार्वजनिक न्यायाची मागणी बनली. 15 ऑगस्ट 1948 रोजी सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिक आणि प्रांताप्रांतांतील माणसे जोडू पाहणारी आंतरभारतीची कल्पना ही त्याच वृत्तीची फळे होत.

मात्र या चरित्राचा शेवट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 11 जून 1950 रोजी, वयाच्या अवघ्या एकावन्नाव्या वर्षी, गुरुजींनी मुंबईत आपल्या हाताने जीवन संपविले. त्यामागचे एकच कारण सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. आपण त्या मृत्यूला हौतात्म्याचा मुलामा देऊ नये आणि त्याला दुबळेपणाही म्हणू नये. शेकडो मुलांना धीर देणाऱ्या माणसालाही कोणीतरी उशाशी बसणारे लागते, इतका बोध मात्र घेतला पाहिजे. आपण शिक्षकांना आणि आईबापांना देव्हाऱ्यात बसवितो, आणि देव्हाऱ्यातल्या मूर्तीला कसे आहात असे कोणी विचारीत नाही.

आज नरडाण्याच्या परिसरात औद्योगिक वसाहत उभी आहे. आसपासच्या खेड्यांतील मुले एसटीने, रेल्वेने शिकायला जातात, वसतिगृहात राहतात. त्यांच्याविषयी आमच्यापाशी हजेरीचा तक्ता असतो, गुणपत्रक असते, शुल्काच्या थकबाकीची यादी असते. एखादा मुलगा आठवडाभर गप्प का आहे, हे कोणत्याही तक्त्यात नोंदलेले नसते. या लेखकाच्याही वर्षानुवर्षांच्या अध्यापनात असे किती चेहरे निसटून गेले असतील, याचा हिशेब अर्थशास्त्राच्या पदवीने करता येत नाही. महाविद्यालयांतून समुपदेशकांची नियुक्ती व्हावी, ही मागणी रास्तच आहे. परंतु समुपदेशकाच्या दारापर्यंत मुलगा आपणहून पोहोचेल अशी वाट पाहणे पुरेसे नाही. तो जेथे रोज बसतो त्या वर्गात त्याला नावाने ओळखणारा एक तरी माणूस हवा. गुरुजींच्या नावाने जयंत्या आणि सभा भरतच राहतील. त्यांच्या हातातला केरसुणीचा वारसा कोण उचलणार, हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत विचारला गेला पाहिजे.