क्रेडिट कार्ड हा शब्द ज्याने गाजवला, त्याला उधारीच बंद करायची होती

किराण्याचं सामान पिशवीत भरून झालं की दुकानदार आकडा सांगतो आणि काउंटरवरच्या क्यूआर कोडकडे बोट दाखवतो. मॉलमध्ये कार्ड मशीनला टेकवलं की बीप वाजतो आणि काम होतं. सुट्ट्या पैशांची कटकट नाही की सुट्ट्यांच्या बदल्यात हातावर गोळ्या टेकवणं नाही.

आपल्याला याची सवय लागली ती गेल्या दहा-पंधरा वर्षांत. पण नोटा न मोजता नुसतं कार्ड देऊन दुकानातून माल घ्यायचा, हे चित्र एका अमेरिकन लेखकाने १८८८ सालीच रंगवलं होतं. त्या कार्डाला त्याने शब्द वापरला होता, क्रेडिट कार्ड.

या लेखकाचं नाव एडवर्ड बेलमी.

गिरण्यांच्या गावातला पोरगा

बेलमीचा जन्म २६ मार्च १८५० चा. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं चिकोपी फॉल्स हे त्याचं गाव. नदीकाठच्या कापड गिरण्या, भोंगा वाजला की कामाला जाणारे मजूर आणि टेकडीवर मालकांची मोठी घरं, असा तिथला थाट. वडील बाप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक होते. घर खाऊनपिऊन सुखी होतं, पण गिरणीतली गरिबी दाराबाहेरच दिसायची.

पोराला व्हायचं होतं सैनिक. पण वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत तब्येतीमुळे प्रवेश मिळाला नाही. मग १८६८ मध्ये तो जर्मनीला गेला. युरोपातल्या मोठ्या शहरांमधल्या दाटीवाटीच्या वस्त्या त्याने तिथे बघितल्या आणि आपल्या गावातल्या गिरण्यांकडेही तो वेगळ्या नजरेने बघायला लागला.

परत येऊन त्याने कायद्याचा अभ्यास केला आणि वकिलीची पाटीही लावली. पण त्याच्या वाट्याला आलेलं पहिलंच काम म्हणजे भाडं थकलेल्या एका विधवेला घराबाहेर काढणं, असं सांगितलं जातं. बेलमीने वकिली सोडली ती कायमचीच.

कर्ज हा विषय डोक्यात बसला

त्यानंतर तो पत्रकार झाला. आधी न्यूयॉर्कमध्ये आणि मग स्प्रिंगफील्डच्या वर्तमानपत्रात. पंचविशीतच क्षयाने गाठलं. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं, हवापालट हाच उपाय. त्यासाठी तो हवाई बेटांपर्यंत जाऊन आला, पण आजाराने पाठ सोडली नाही.

१८७९ मध्ये त्याने एका साप्ताहिकात कादंबरी लिहायला घेतली. विषय होता शंभर वर्षांपूर्वीचं मॅसॅच्युसेट्समधलं शेतकऱ्यांचं बंड. कर्ज फेडता आलं नाही म्हणून शेतकऱ्यांच्या जमिनी जात होत्या, माणसं तुरुंगात जात होती. शेवटी शेतकऱ्यांनी बंदुका उचलल्या आणि कोर्टंच बंद पाडली. आपल्याकडे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते, तो राग आठवला की हा राग कळतो.

१८८० मध्ये बेलमीने भावाबरोबर स्प्रिंगफील्डला स्वतःचं वर्तमानपत्र काढलं. १८८२ मध्ये एमा सँडरसनशी लग्न झालं, दोन मुलं झाली. आपण फार जगणार नाही हे माहीत असलेल्या बापाला आता एक प्रश्न छळायला लागला. उद्या आपण नसलो, तर या लेकरांना कोण बघणार?

ते पुस्तक आणि ते कार्ड

जानेवारी १८८८ मध्ये त्याची लुकिंग बॅकवर्ड ही कादंबरी आली. गोष्ट अशी की बोस्टन शहरातला ज्युलियन वेस्ट हा श्रीमंत तरुण १८८७ मध्ये झोपतो आणि थेट २००० साली जागा होतो. बघतो तर शहर तेच, पण व्यवहार सगळा बदललेला. नोटा नाहीत, नाणी नाहीत, बँका नाहीत. सगळे कारखाने आणि सगळी दुकानं देशाच्या मालकीची.

मग माणसं खरेदी कशी करतात?

तर वर्षाच्या सुरुवातीला देशाच्या एकूण उत्पन्नातला वाटा प्रत्येकाच्या नावावर जमा होतो. तो सगळ्यांना सारखा. डॉक्टरला जेवढा, तेवढाच मजुराला. त्या रकमेचं पुठ्ठ्याचं एक कार्ड मिळतं. दुकानात फक्त नमुने मांडलेले असतात. वस्तू पसंत केली की कारकून ऑर्डर लिहितो, कार्डावर तेवढ्या रकमेची भोकं पाडतो आणि ऑर्डरची एक प्रत गिऱ्हाइकाला देतो, म्हणजे काही चूक झाली तर शोधता येईल. दुसरी प्रत नळीतून मध्यवर्ती गोदामाकडे जाते आणि माल घरी येतो.

यातली गोदामाची आणि घरपोच मालाची गोष्ट आज आपल्याला ओळखीची वाटते. ऑर्डरच्या प्रतीचं काम आता मोबाईलवरचा मेसेज करतो. परदेशी जायचं असेल तर आपल्या कार्डाच्या बदल्यात तिथलं कार्ड घ्यायची सोयसुद्धा बेलमीने लिहून ठेवली आहे.

बायकांना त्याने वेगळं कार्ड दिलं, नवऱ्याच्या कार्डावरचं नाव नव्हे. खर्चासाठी बाईला नवऱ्यापुढे आणि म्हाताऱ्यांना मुलांपुढे हात पसरावा लागू नये, ही त्यामागची कळकळ. आणि लेकरांचं काय? तर त्यांची जबाबदारीही देशाचीच.

या जगाची दुसरी बाजूही होती. एकविसाव्या वर्षापासून पंचेचाळीसपर्यंत प्रत्येकाने देश सांगेल त्या व्यवस्थेत काम करायचं आणि जो काम नाकारेल त्याची रवानगी कोठडीत. माणसामाणसांत खासगी खरेदी-विक्री नाही. इंग्लंडचे लेखक विल्यम मॉरिस यांना हे कवायती जग पटलं नाही. त्यांनी १८९० मध्ये उत्तर म्हणून स्वतःची कादंबरीच लिहिली.

तरी पुस्तक तुफान चाललं. लाखो प्रती खपल्या, अनेक भाषांत भाषांतरं झाली. बेलमीच्या विचारांवर अमेरिकेत दीडशेहून जास्त क्लब उभे राहिले. संकोची स्वभावाचा हा आजारी लेखक एकदम चळवळीचा नेता झाला. १८९१ मध्ये त्याने द न्यू नेशन हे साप्ताहिक काढलं. १८९७ मध्ये इक्वॅलिटी हे पुढचं पुस्तक आलं, तोवर तब्येत पार ढासळली होती. डेन्व्हरच्या कोरड्या हवेचाही उपयोग झाला नाही. २२ मे १८९८ रोजी चिकोपी फॉल्सलाच तो गेला. वय फक्त ४८.

शब्द राहिला, अर्थ बदलला

पुढे १९५० मध्ये न्यूयॉर्कला डायनर्स क्लबचं कार्ड आलं. जेवण आज करायचं, क्लब हॉटेलचं बिल भागवणार आणि तुम्ही महिन्याच्या शेवटी क्लबला पैसे द्यायचे. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात साठेक हजार कार्डं पोस्टाने घरोघरी पाठवली. लोकांनी अर्जही केला नव्हता. त्या कार्डावर बाकी ठेवून पुढच्या महिन्यात ढकलता येत होती, अर्थात व्याज देऊन. हेच कार्ड पुढे व्हिसा झालं.

म्हणजे बेलमीच्या कार्डावर तुमचा हक्काचा, आधीच जमा झालेला पैसा होता. आजच्या भाषेत ते डेबिट कार्ड. आणि ज्याला आज क्रेडिट कार्ड म्हणतात, ती आहे उधारी. बेलमीच्या जगातही अगदी अडचणीत पुढच्या वर्षाच्या वाट्यातून उचल मिळायची, पण मोठी रक्कम कापून. उचल घेणं सोपं असू नये, म्हणून मुद्दाम. आणि फारच उधळ्या माणसाला वर्षाचे पैसे एकदम न देता महिन्याला किंवा आठवड्याला द्यायचे, असा नियम होता.

बाकी बाबतीत त्याच्या कार्डाच्या जवळ जाणारी आपल्याकडची गोष्ट म्हणजे २०१६ मध्ये आलेलं यूपीआय. खात्यात असतील तेवढेच पैसे जातात, लगेच जातात आणि नोंद राहते. पण २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्डही यूपीआयला जोडता येतं. म्हणजे क्यूआर कोड तोच, बीप तोच, पण एका वेळी पैसा आपला असतो आणि दुसऱ्या वेळी बँकेचा. स्कॅन करताना हाताला फरक कळत नाही.

फरक कळतो तो बिल आल्यावर. मुदतीत पूर्ण बिल भरलं तर बहुतेक वेळा व्याज लागत नाही. पण किमान रक्कम भरून बाकी पुढे ढकलली, की अनेक कार्डांवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज सुरू होतं. म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास. सुप्याच्या शेतकऱ्यांनाही हे गणित नवं वाटलं नसतं.

त्यामुळे पिन टाकण्याआधी एकदा वर बघायचं, पैसे बचत खात्यातून जातायत की क्रेडिट कार्डावरून. चिकोपी फॉल्सचं बेलमीचं घर आजही जपून ठेवलंय. कार्ड हा शब्दही जगभर गेला. त्यावरचा पैसा आपलाच असावा, एवढी त्याची अट मात्र आता ज्याची त्याने पाळायची आहे.